एद्तो ते एचो: बारिओहून बाकेलालानला चालत

गाडीभाड्याचं आधी सांगते, कारण राग अजून उतरलेला नाही. बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या सारावाक राज्यात, बारिओहून बाकेलालानला मी चालत गेले, आणि तिथून पुढे लावासपर्यंतच्या गाडीला 600 रिंगिट मोजले. एक रिंगिट वीस रुपयांच्या आसपास धरा आणि हिशोब तुमचा तुम्ही करा. त्याच गाडीत मागच्या बाकावर बसलेल्या आजींनी 100 दिले, तेही तीन पोती तांदूळ आणि टोपलीतला एक कोंबडा धरून. त्या लुन बावांग या तिथल्या भाषेत बोलल्या, मी मलयमध्ये. तीही माझ्या भाच्यानं शिकवलेली क्वालालंपूरची पुस्तकी मलय. तोंड उघडल्याबरोबर चालकानं ओळखलं असणार की ही बाई बाहेरची, एकटी आणि दमलेली आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

तर पहिली सूचना: बाकेलालानमध्ये गाडी स्वतः ठरवू नका. ज्या घरी उतराल तिथल्या बाईंना ठरवायला सांगा आणि ‘गाडी’ नको, ‘एक सीट’ हवी असं सांगा. मी ‘गाडी हवी’ म्हटलं, त्याचा अर्थ ‘अख्खी गाडी हवी’ असा घेतला गेला. मग त्याच अख्ख्या गाडीत आणखी पाच जण भरले ते वेगळंच.

आता भाच्याबद्दल. तो क्वालालंपूरला नोकरी करतो. निघण्याआधी फोनवर म्हणाला, “मावशी, मलय आली की बोर्निओत कुठेही चालतं गं. बाकीच्या सगळ्या बोलीच आहेत.” हे वाक्य लक्षात ठेवा. कोल्हापूरची आणि सावंतवाडीची मराठी जशी वेगळी, तसं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं आणि मीही विश्वास ठेवला. बोर्निओ हे जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं मोठं बेट, तीन देशांत वाटलेलं: इंडोनेशिया, मलेशिया आणि ब्रुनेई. त्यातल्या मलेशियाकडच्या एकट्या सारावाक राज्यात चाळिसाच्या वर भाषा आहेत. बोली नव्हेत, भाषा. सगळ्या ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या, म्हणजे एका आजीची नातवंडं, पण मराठी, काश्मिरी आणि सिंहली ही एका आजीची नातवंडं आहेत तशी.

मी भाषाशास्त्रज्ञ नाही. शाळेत पंचवीस वर्षं मराठी शिकवली आणि सह्याद्रीत त्याहून जास्त वर्षं चढउतार केली. या वाटेवर यायचं कारण एकच होतं, ते म्हणजे ‘ध’. बारिओच्या पठारावरच्या केलाबित लोकांच्या भाषेत ब, द, ग यांच्या जोडीला भ, ध, घ सारखे काही आवाज आहेत आणि ते जगात फारच दुर्मीळ आहेत, असं वाचलं होतं. रॉबर्ट ब्लस्ट नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं 1971 मध्ये सारावाकमध्ये काम करून त्यांच्याकडे जगाचं लक्ष वेधलं. मला वाटलं, इंग्रजाला दुर्मीळ असतील, आपल्याला काय? आपण ‘धबधबा’ आणि ‘भोंगा’ म्हणतच मोठे झालो. हा फुगा कुठे फुटला ते पुढे येईलच.

सारावाकची राजधानी कुचिंग, तिथले चार दिवस छान गेले, सोडून देते. ओरांगउटान बघितले, नदीकाठी लाक्सा खाल्लं. सोय आहे, सोपं आहे, तुम्हीही कराल. तिथे माझ्याकडून एकच मूर्खपणा झाला, तो सांगण्यासारखा आहे.

सारावाकमध्ये सगळ्यात मोठा समाज इबान लोकांचा, राज्याच्या लोकसंख्येत तीस टक्क्यांच्या आसपास. त्यांची भाषा मलयच्या जवळची. मी दोन दिवसांत एक नियम शोधून काढला आणि भलतीच खूश झाले. मलयमध्ये ‘खाणे’ म्हणजे माकान, इबानमध्ये माकाइ. रस्ता किंवा चालणं जालान, तर इबानमध्ये जालाइ. येणं दातांग, तर दाताइ. परत जाणं पुलांग, तर पुलाइ. पाणी मलयमध्ये आयर, इबानमध्ये नुसतं आइ, शेवटी घशात आवाज तोडायचा. म्हणजे शब्दाचं शेपूट कापा आणि ‘आइ’ चिकटवा! मला वाटलं सारावाकची किल्ली सापडली. वहीची आठ पानं इबान वाक्यांनी भरली. गावागावांत तरण्या पोरांनी लांबच्या मुलुखात जाऊन कमाई आणि नाव कमवून यायचं, या इबान प्रथेला ‘बेजालाइ’ म्हणतात, म्हणून मीही स्वतःला बेजालाइवर निघालेली समजू लागले. त्या आठ पानांचा बारिओत शून्य उपयोग झाला. शून्य. उलट नमस्कार इबानमध्ये केल्यावर विमानतळावरच्या माणसानं इतक्या सौजन्यानं इंग्रजीत उत्तर दिलं की मला लाजच वाटली. बंगळुरात उतरून एखाद्यानं मोठ्या प्रेमानं गुजरातीत बोलावं, तसं ते झालं असणार.

म्हणून दुसरी सूचना: ‘दयाक भाषा’ नावाची कुठलीही भाषा नाही. ‘दयाक’ ही बोर्निओतल्या बऱ्याच मूळ समाजांवर बाहेरून मारलेली मोहोर आहे. इबान वेगळे, बिदायुह वेगळे, आणि बिदायुहमधल्याही दोन खोऱ्यांतली माणसं एकमेकांशी मलयमध्ये बोलताना मी कुचिंगच्या बाजारात ऐकली. वरच्या खोऱ्यांतल्या केन्याह, कायान, केलाबित, पेनान, लुन बावांग या सगळ्यांना मिळून ‘ओरांग उलु’ म्हणतात, ‘नदीच्या वरच्या अंगाची माणसं’. तोही शब्द मलयच. जायचं कुठे ते आधी ठरवा आणि त्या एका भाषेचे वीस शब्द शिका. वीस पुरतात. आठ पानं नकोत.

मिरी शहरातून बारिओला एकोणीस सीटचं ट्विन ऑटर विमान जातं. सामानाबरोबर तुमचंही वजन करतात, सगळ्यांसमोर. सामान दहा किलो, त्याच्या वर एक शेंगदाणाही नाही. हवा बिघडली तर उड्डाण रद्द होतं आणि ती बिघडतेच. हातात दोन दिवस जास्तीचे ठेवल्याशिवाय हा बेत करू नका. लाकूडतोडीच्या रस्त्यानं गाडीही जाते, बारा तासांच्या वर लागतात. ज्यांची कंबर तिशीत आहे त्यांनी विचार करावा.

कागदपत्रांचं थोडक्यात. 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना मलेशियात तीस दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, पण ही सवलत मुदतीची आहे, निघण्याआधी ताजा नियम बघा. येण्याची डिजिटल नोंद आधी भरावी लागते. क्वालालंपूरहून सारावाकला आलात तरी पुन्हा पासपोर्ट दाखवावा लागतो. देश एक असला तरी प्रवेशाचा अधिकार सारावाकनं स्वतःकडे ठेवला आहे. इंग्रजी सगळीकडे चालते. 2015 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री आदेनान सातेम यांनी मलयच्या बरोबरीनं इंग्रजीलाही राज्याची अधिकृत भाषा जाहीर केलं. बारिओत मला एटीएम मिळालं नाही. रोख पैसे मिरीतच काढा.

बारिओ सुमारे हजार मीटर उंचीवर आहे. भातखाचरं, धुकं, थंडी. राहायला घरगुती सोय, जेवणासकट माणशी 100 च्या आसपास, आणि त्यात कोणी फसवत नाही. ज्या घरी उतरले तिथल्या बाईंना मी सगळ्यांसारखं ‘सिना’ म्हणायला लागले, म्हणजे आई. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी पानात बांधलेला मऊ भात ठेवला, ‘नुबा लाया’. मलयमध्ये भात नासी, इबानमध्ये आसी आणि इथे एकदम नुबा! इथे माझ्या वहीचा पहिला बळी गेला.

मग ‘ध’. केलाबितमध्ये दिवसाला जो शब्द आहे तो लिहिताना ‘द’ आणि ‘त’ शेजारी शेजारी लिहितात: एद्तो. मी म्हटलं, “एधो.” सिना हसल्या. “एद्तो.” मी पुन्हा, “एधो.” माझा धा धबधब्यातला धा, खणखणीत. त्यांनी मान हलवली. पाणी: “एब्पा.” मी: “एभा.” पुन्हा मान हलली. तासभर हे चाललं, शेजारच्या घरातली दोन पोरं येऊन बसली आणि मी म्हटलेला प्रत्येक शब्द एकमेकांना म्हणून दाखवत लोळायला लागली.

कुठे चुकत होतं ते रात्री अंथरुणात लक्षात आलं. आपल्या ‘ध’मध्ये कंठाचा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू असतो, श्वास त्याच्यात मिसळून वाहतो. यांच्याकडे सुरुवात ‘द’ची होते, आवाज मध्येच विझतो, आणि सुटताना तो ‘त’ असतो, फुंकरीसकट. अर्धा घोष, अर्धा अघोष. आपल्याकडे द आणि त शेजारी आले की एक जण हरतो. ‘सत्’ आणि ‘धर्म’ मिळून ‘सद्धर्म’ होतो, ‘उद्’ आणि ‘तम’ मिळून ‘उत्तम’ होतो. इथे कोणीच हरत नाही, दोघंही एका श्वासात राहतात, आणि भाषेच्या लेखी तो एकच आवाज असतो. शिवाय हा आवाज शब्दाच्या तोंडाशी येत नाही, मधेच येतो. मराठी येणाऱ्याला हे सोपं जाईल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. उलट अवघड जातं, कारण आपला कान म्हणतो ‘हा तर आपलाच ध’ आणि पुढचं ऐकायचं बंद करतो. सकाळी चौथ्या प्रयत्नात “एद्तो” जमलं. सिनांनी टाळी वाजवली. पोरं शाळेत गेली होती, याचं मला आजही वाईट वाटतं.

एक आडगोष्ट. नाव विचारलं तेव्हा मी सांगितलं की माझी दोन नावं, एक माहेरचं, एक लग्नातलं, कारण आमच्याकडे तांदळात नवीन नाव लिहितात. सिनांना ते फार आवडलं नाही. “फक्त बाईचं? आणि फक्त नवऱ्यासाठी?” केलाबितांमध्ये मूल झालं की आई आणि बाप दोघांचीही नावं बदलतात, नातवंड झालं की पुन्हा बदलतात, आणि त्याचा मोठा समारंभ होतो, ‘इराउ मेकाआ ङादान’. ‘ङ’ नीट म्हणा. वाङ्मय म्हणता येतं त्यांना हेही येईल.

वाटाड्या केलाबित, पन्नाशीचे, त्यांना सगळे अंकल म्हणत, मीही म्हटलं. दिवसाचे 150. सोबत सामानाला एक पेनान तरुण. हे दर तिथल्या तिथे सांगितले आणि तेवढेच घेतले. रविवारी कोणी निघत नाही, सगळं पठार चर्चमध्ये असतं. सोमवारी निघालो.

पहिला दिवस, बारिओ ते पा लुंगान: चार तास, सोपा. सोडा.

दुसऱ्या दिवशी पा लुंगान ते लोंग रापुंग. हाच तो टप्पा. “पाच तास, फार चढ नाही,” असं बारिओत दोघांनी सांगितलं होतं. चढ फार नाही हे खरं. पण इथे चढ हा प्रश्नच नाही. राजगड ते तोरणा एका दिवसात करणाऱ्यांना उद्देशून सांगते: आपण दगडावर चालणारी माणसं आहोत. पायाखाली कातळ असतो, घसरलं तर कुठे घसरणार ते दिसतं. इथे जमीनच नाही. म्हशींनी ओढलेल्या लाकडी घसरगाड्यांनी वाट कापून काढलेली असते आणि त्या चरात गुडघ्याएवढा चिखल. कधी गुडघ्याएवढा, कधी मांडीएवढा, आणि कुठे काय ते वरून कळत नाही. बाजूनं जावं तर वेताची काटेरी झुडपं कपडे धरून ठेवतात. आडवं झाड आलं की त्याच्यावर चढायचं, शेवाळ असतं, पलीकडे पुन्हा चिखल. मी घड्याळ लावून मोजलं: एका ठिकाणी साधारण चारशे पावलांना 47 मिनिटं. एकदा उजवा पाय आत गेला आणि बाहेर आला तो बुटाशिवाय. अंकलनी कोपरापर्यंत हात घालून बूट काढला. बारा हजारांचे बूट, घोट्याला आधार, जलरोधक! जलरोधक बुटाची खुबी अशी की आत शिरलेलं पाणी बाहेर जाऊच देत नाही.

म्हणून तिसरी सूचना आणि सगळ्यात महत्त्वाची: ट्रेकिंगचे बूट घरी ठेवा. मिरीच्या कोणत्याही दुकानात काळे रबरी, खाली दाणे असलेले स्वस्त बूट मिळतात, लोक गमतीनं त्यांना ‘आदिदास काम्पुंग’ म्हणतात, म्हणजे खेड्यातले आदिदास. पंधराएक रिंगिट. अंकलच्या पायात तेच, पेनान तरुणाच्याही पायात तेच. दोघं एकदाही घसरले नाहीत. मी नऊ वेळा. पाच तासांचे माझे नऊ तास झाले. ‘पाच तास’ हे त्यांचे पाच तास असतात. दीडपट धरा, पाऊस असेल तर दुप्पट.

आणि जळवा. कोकणातल्या पावसाळ्यात जळू पायाला लागते हे मला माहीत होतं. इथे ती पानावर उभी राहून वाट बघते, कमरेच्या, खांद्याच्या उंचीवर. पट्टेरी असते ती चावल्याचं चांगलंच कळतं. लांब घट्ट विणीचे जळूमोजे घ्या, तंबाखू आणि मीठ विसरा, भिजून वाहून जातं. लोंग रापुंगच्या झोपडीत पोहोचल्यावर मी एकवीस काढल्या.

पण याच जळवांनी सहलीतली सगळ्यात मोठी गंमत दाखवली. मलयमध्ये जमिनीवरच्या जळूला पाचात म्हणतात. अंकल म्हणाले, “लेमातेक.” मी थबकले. काही वर्षांपूर्वी फिलिपिन्सला डोंगरात गेले होते, तिथली पोरं जळवांना लिमातिक म्हणत. आणि मादागास्करच्या भाषेत जळूला दिमातिका म्हणतात, हे मी वाचलेलं होतं. मादागास्कर! आफ्रिकेच्या कुशीतलं. तिथली मालागासी भाषा बोर्निओच्याच दक्षिणेकडच्या बारितो नदीच्या खोऱ्यातून गेली. तिथल्या मआन्यान भाषेशी तिचं नातं ओट्टो दाल या नॉर्वेजियन अभ्यासकानं 1951 मध्ये दाखवून दिलं. दीडेक हजार वर्षांपूर्वी कोणी दर्यावर्दी हिंदी महासागर ओलांडून गेले, घरं बदलली, पिकं बदलली, धर्म बदलले आणि जळूचं नाव तेवढं तसंच राहिलं. चिखलानं माखलेल्या मला त्या झोपडीत हसू आवरेना. अंकलना वाटलं, बाईंना ताप चढला. मध्ये बसलेली मलय या एका शब्दाला विसरली आणि तीच म्हणे ‘सगळीकडे चालते’.

तसं ‘डोळा’ सगळीकडे माता किंवा त्याच्या जवळपास, ‘पाच’ म्हणजे लिमा. असे काही शब्द अख्ख्या कुळात टिकून आहेत. पण भात, पाणी, दिवस हे रोजच्या तोंडातले शब्द खोऱ्यागणिक वेगळे. पाणी मलय आयर, बिदायुह पीइन, पेनान बा, केलाबित एब्पा. तहान लागल्यावर हे कोष्टक आठवत बसू नका, बाटली दाखवा.

दिशांचंही तसंच. अंकल डावं-उजवं म्हणतच नव्हते. ‘दायेह’ म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला. घनदाट झाडीत नदी दिसत नसतानाही त्यांना ती कुठे आहे हे माहीत असायचं, आणि त्यांची सगळी दुनिया त्या उताराला टांगलेली. मला हे परकं वाटलं नाही. आमच्या गावातही वरची आळी, खालची आळी, ‘वरच्या अंगाला जा’ असंच सांगतात. हाच ‘दायेह’ इंडोनेशियाच्या सीमेपलीकडच्या भाऊबंदांच्या नावात आहे, लुन दायेह, ‘वरच्या अंगाची माणसं’. वाटेवर “दायेह” ऐकू आलं की चढाच्या बाजूला वळा, मागून उजवं का डावं विचारत बसू नका.

आता माझी चूक. तिसऱ्या दिवशी सकाळी वाटेवर मातीत खोचलेली एक काटकी होती, चिरलेली, टोकाला पान दुमडून घातलेलं. किल्ल्यांवर कचरा उचलायची वर्षानुवर्षांची सवय. उपटली आणि बाजूला टाकली. पेनान तरुण दोन दिवसांत माझ्याशी जेमतेम चार शब्द बोलला होता, तो एकदम थांबला. काटकी उचलली, परत खोचली, पान त्याच कोनात वळवलं. अंकलनी समजावलं: हे ‘ओरो’. पेनान लोक जंगलात फिरताना मागून येणाऱ्यांसाठी काटक्यापानांची अशी चिठ्ठी ठेवून जातात. आम्ही किती जण आहोत, कुठे वळलो, भूक लागली आहे, घाई करा, हे सगळं तिच्यात वाचता येतं. म्हणजे मी कोणाचं तरी पत्र फाडलं होतं. पंचवीस वर्षं मुलांना लेखन-वाचन शिकवलेली बाई मी! पेनानमध्ये माफी कशी मागतात ते माहीत नव्हतं, आभाराचा तेवढा एक शब्द येत होता, “जियान केनिन”, शब्दशः ‘मनाला बरं वाटलं’. तोच म्हटला. तो हसला नाही, पण दुपारी माझ्या पाठीवरची जळू न सांगता काढली.

वाटेत काटकी, दुमडलेलं पान, कापलेला बुंधा दिसला तर हात लावू नका. ही सूचना क्रमांकानं चौथी, पण तुम्हाला एकच पाळायची असेल तर हीच पाळा. बुटांचं मागे म्हटलं ते रागात म्हटलं.

लोंग रापुंगहून एक वाट इंडोनेशियाच्या हद्दीतल्या पा रुपाई गावातून जाते. ती सोपी आहे असं सांगणारे भेटतील. स्थानिक लोक रोज येतात-जातात, दोन्हीकडे तेच नातेवाईक, तीच भाषा. पण तुमच्या पासपोर्टवर त्या रानात शिक्का मारायला कोणी बसलेलं नाही. वाटाड्याशी आधीच स्पष्ट बोलून सीमेच्या अलीकडून जायचं ठरवा. आम्ही तसंच केलं. आठ तास लागले, पण पायाखाली जमीन होती, तक्रार नाही.

संध्याकाळी बाकेलालानची खाचरं दिसली. सफरचंदं लावणारं गाव, उष्ण कटिबंधात! सफरचंद खाल्लं, आंबट होतं. पण ज्याच्यासाठी आले होते ते पहिल्या पाच मिनिटांत मिळालं. घरमालकीण बाईंना मी मोठ्या डौलात माझा कमावलेला शब्द म्हणून दाखवला: तीन एद्तो चालले. त्या म्हणाल्या, “एचो.” मग डोंगराकडे बोट करून इंग्रजीत, “ते तिकडचे तसं म्हणतात.” पाणी एब्पा नव्हे, फा. तीन दिवस चिखल तुडवला तेव्हा कुठे त्या अर्ध्या घोष, अर्ध्या अघोष ‘द्त’चा स्वच्छ ‘च’ झाला आणि ‘ब्प’चा ‘फ’. केलाबित आणि लुन बावांग या सख्ख्या बहिणी, एकीचं बोलणं दुसरीला बरंचसं कळतं. म्हणूनच सांधा कुठे आहे ते कानाला लगेच जाणवतं. लावासला दर वर्षी जूनच्या सुरुवातीला लुन बावांगांचा जो मोठा उत्सव होतो त्याचं नाव ‘इराउ आचो लुन बावांग’, त्यातलं आचो म्हणजे हाच आपला दिवस. आणि बायबलला लोक ‘बाला लुक दो’ म्हणतात, ‘चांगली बातमी’. ‘दो’ म्हणजे चांगलं, हे मात्र डोंगराच्या दोन्ही बाजूंना सारखं. वीस शब्दांतला पहिला हाच शिका. जेवण दो, वाट दो नाही, गाडीभाडं अजिबात दो नाही.

हे सगळं विमानानं केलं असतं तर कळलं नसतं असं मी म्हणणार नाही. बारिओला चार दिवस आणि बाकेलालानला चार दिवस निवांत बसून जास्त कळलं असतं. गुडघे पन्नाशीपुढचे असतील तर तेच करा. पायी जाण्यात एक फायदा मात्र होतो: तीन दिवस दुसरं कोणी बोलायला नसतं, त्यामुळे मलय आणि इंग्रजीची लाज वाटेपर्यंत वाटाड्याची भाषा कानावर पडते.

लावासच्या गाडीचं वर सांगितलंच. रस्ता सहा तास, धूळ, शेवटचा तास बरा. लावासहून मिरीला रस्त्यानं जायचं तर मध्ये ब्रुनेई लागतो, पासपोर्टवर शिक्केच शिक्के, आणि ब्रुनेईच्या प्रवेशाचे नियम आधी बघावे लागतात. त्यापेक्षा लावास ते मिरी त्याच छोट्या विमानानं या. पुन्हा वजन झालं. पावणेतीन किलो कमी.

मिरीच्या हॉटेलात मोजे झटकले तर त्यातून एक जळू पडली, जिवंत. खोली आवरायला आलेला मुलगा विशीचा, आई मुकाह गावची, मेलानाउ समाजाची, वडील इबान, असं त्यानंच सांगितलं. मी विचारलं, हिला काय म्हणतात? “पाचात.” म्हटलं, ते मलयमध्ये. तुझ्या आईच्या भाषेत? तो कागदानं जळू उचलून खिडकीबाहेर टाकत जरा वेळ थांबला. घरी मलयच बोलतो, म्हणाला. रात्री आईला फोन करून विचारतो, उद्या सांगतो.

माझं विमान सकाळी सहाचं होतं. त्याची पाळी आठला सुरू व्हायची.